पायदळात जायचंय? पळायला लागण्याआधी वयाचा हिशेब मांडा

पहाटे पाचला आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर वीस-बावीस पोरं पळत असतात. पल्टनीतून पेन्शनवर आल्यापासून मीही रोज तिथं असतो. नवा पोरगा आला की विचारतो, काय व्हायचंय? "आर्मीत जायचंय, पायदळात." कोणत्या मार्गानं, असं विचारलं की तो गप्प होतो. जवळच्या अकॅडमीत भरतीचं मैदान करून घेतात, म्हणून तोही भरतीचं मैदान करत असतो.

तीन वर्षांपूर्वी असाच एक पोरगा आला. बारावीला ८४ टक्के, गणित चांगलं, बोलायला धीट. एनडीएची (बारावीनंतर अधिकारी व्हायची) परीक्षा दिलीस का, असं मी विचारलं, तेव्हा त्याचं वय होतं १९ वर्षं ८ महिने. ते दार बंद होऊन गेलं होतं. "मला कुणी सांगितलंच नाही, काका," तो म्हणाला. हे वाक्य मला अजून टोचतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठीही.

पहिली पायरी: कागद घ्या, जन्मतारीख लिहा

पायदळात जवान म्हणून जाता येतं आणि अधिकारी म्हणूनही. दोन्हीकडे वयाच्या खिडक्या आहेत आणि त्या एकामागून एक बंद होतात. त्या अशा:

एनडीए: साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस.
अग्निवीर जनरल ड्युटी (जवान म्हणून भरती): अग्निपथ योजनेत मूळ मर्यादा साडेसतरा ते एकवीस. त्या वर्षीच्या अधिसूचनेतल्या जन्मतारखा स्वतः वाचा.
सीडीएसमधून (पदवीनंतर अधिकारी व्हायची परीक्षा) डेहराडूनची आयएमए (भारतीय लष्करी प्रबोधिनी): १९ ते २४.
सीडीएसमधून किंवा एनसीसी स्पेशल एन्ट्रीमधून चेन्नईची ओटीए (अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी): १९ ते २५.

हे वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, अधिसूचनेत दिलेल्या तारखेला मोजतात. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी अर्ज बाद होतो. त्यामुळे कागदावर आपल्या जन्मतारखेसमोर प्रत्येक खिडकी कोणत्या महिन्यात उघडते आणि कोणत्या महिन्यात बंद होते, ते लिहून भिंतीला लावा.

कागद नीट पाहिला की खरी अडचण कळते. अग्निवीरची खिडकी एकविसाव्या वर्षी बंद होते, आणि पदवी हातात येऊन सीडीएसचं दार उघडतं तेही विसाव्या-एकविसाव्या वर्षीच. सीडीएसच्या भरवशावर थांबलेला पोरगा पुढं नापास झाला, तर अग्निवीरचं दारही गेलेलं असतं. उलट अठराव्या वर्षी घाईनं अग्निवीर झालेल्या पोराची कॉलेजची वर्षं जातात. माझा सल्ला सरळ आहे. जे दार आधी बंद होतं त्याची परीक्षा आधी द्या, आणि अठरा ते एकवीस या वयात एकाच दारापुढं बसून राहू नका.

एनडीए: दहावीतच ठरवायची वाट

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या पुण्याच्या उशाला आहे. तरी गावाकडच्या पोरांना ती चंद्रावर असल्यासारखी वाटते. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. लष्करासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते आणि बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. त्यानंतरची एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखतही ९०० गुणांची. निवड झाली की तीन वर्षं खडकवासला, जेएनयूची पदवी, मग एक वर्ष आयएमए आणि लेफ्टनंटचे तारे. खर्च सरकारचा.

इथं गाडं अडतं ते गणितावर. आर्ट्स घेतलेला मुलगा कागदावर पात्र असतो, पण दहावीनंतर त्यानं गणिताचं पुस्तक उघडलेलं नसतं आणि पेपर अकरावी-बारावीच्या दर्जाचा असतो. त्यामुळे पोराला पायदळात अधिकारी व्हायची खरी ओढ असेल तर अकरावीला गणित सोडू देऊ नका. आर्ट्सच घ्यायचं असेल तर गणिताची वेगळी शिकवणी लावा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलानं अकरावीपासून रोज एक इंग्रजी बातमी मोठ्यानं वाचावी. दोन वर्षांत जिभेची भीती जाते, हे मी मैदानावरच्या पोरांत पाहिलंय.

राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, म्हणजे एसपीआय, १९७७पासून छत्रपती संभाजीनगरात आहे. दहावीनंतर निवड होते आणि अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी होते. मुलींसाठी नाशिकला अशीच संस्था आहे. याहून लवकर सुरुवात करायची तर साताऱ्याची सैनिक स्कूल आहे, १९६१मध्ये सुरू झालेली देशातली पहिली. तिथं सहावी आणि नववीला प्रवेश मिळतो. पोरगं सातवीत असेल तर आत्ताच चौकशी करा. अकरावीत असेल तर ही वाट मागं पडली असं समजून पुढचं वाचा.

मुलींबद्दल स्पष्ट सांगतो, म्हणजे कुणाची वर्षं वाया जाणार नाहीत. एनडीएमध्ये २०२२पासून मुली आहेत आणि अधिकारी म्हणून त्यांना लष्करातली अनेक दलं खुली आहेत. पायदळ मात्र अजून खुलं नाही. अग्निवीर म्हणून मुलींची भरती लष्करी पोलिस दलात होते.

पदवीनंतर: सीडीएस आणि एनसीसी

सीडीएसही वर्षातून दोनदा होते. आयएमएसाठी तीन पेपर असतात: इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित. ओटीएसाठी गणित नसतं. गणितानं एनडीएत ज्यांना रडवलं त्यांनी हे नीट लक्षात ठेवा. आयएमएचं प्रशिक्षण १८ महिन्यांचं आणि कमिशन, म्हणजे अधिकारीपद, कायमचं. ओटीएचं ४९ आठवड्यांचं आणि कमिशन १० वर्षांचं, ते पुढं ४ वर्षं वाढू शकतं. दोन्हीकडून पायदळात जाता येतं, आणि पल्टनीत गेल्यावर जवानांना साहेब कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. तो पुढं चालतो की मागं, हे ते बघतात.

एनसीसी स्पेशल एन्ट्री ही आपल्या पोरांनी सगळ्यात जास्त दुर्लक्षित केलेली वाट आहे. पदवीला ५० टक्के आणि एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत असेल तर लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबी. पण 'सी' प्रमाणपत्राला कॉलेजची तीन वर्षं लागतात. म्हणजे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात एनसीसीत नाव घातलं नाही तर ही वाट तिथंच संपली. कॉलेज निवडताना बसची सोय बघता तशी तिथं एनसीसीचं युनिट आहे का, हेही बघा. अग्निवीर भरतीतही एनसीसीला वाढीव गुण आहेत, त्यामुळे ही मेहनत दोन्हीकडे उपयोगी पडते.

एसएसबीची भीती बाळगू नका, पण तयारीशिवायही जाऊ नका. पाच दिवस असतात. पहिल्याच दिवशी छाननी होते आणि बरेच जण त्याच दिवशी परततात. राहिलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं आणि मुलाखत होते, शेवटी सगळ्या परीक्षकांसमोर कॉन्फरन्स. पाठ केलेली उत्तरं तिथं उघडी पडतात. गावाकडच्या मुलाकडे सांगायला खूप असतं. पुरात गुरं बाहेर काढली, बहिणीचं लग्न उभं केलं, मंडळाचा हिशेब सांभाळला. त्याला ते 'सांगण्यासारखं' वाटतच नाही, अडचण एवढीच. हे बोलून दाखवायचा सराव करा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. तिथं सीडीएस आणि एसएसबीची तयारी विनामूल्य करून घेतात. माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. हजारो रुपयांचा क्लास लावण्याआधी तिथं एक चक्कर मारा.

अग्निवीर: डोळे उघडे ठेवून

जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली आणि जवान म्हणून भरती व्हायची जुनी पद्धत बदलली. प्रशिक्षण धरून सेवा ४ वर्षांची. त्यानंतर प्रत्येक तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना नियमित सेवेत घेतलं जातं, बाकीचे घरी येतात. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही.

पैशाचा हिशेब घरात बसून मांडा. पहिल्या वर्षी पगार ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात आणि हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी पगार ४०,००० आणि हातात २८,०००. चार वर्षांत आपले सुमारे ५ लाख २ हजार रुपये निधीत जमतात, सरकार तेवढेच घालतं, आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, करमुक्त. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही.

ही रक्कम घेऊन पोरगा बावीस-तेविसाव्या वर्षी दारात उभा राहील. ती ट्रॅक्टरला जाणार, घराच्या स्लॅबला जाणार की त्याच्या पुढच्या शिक्षणाला, हे भरतीआधीच आईबापांशी बोलून ठेवा. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलं आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी १० टक्के आरक्षण तेव्हाच जाहीर झालं. दहावी पास अग्निवीराला मुक्त विद्यालयातून बारावीची सोय आहे. मी पोरांना सांगतो, आत असताना बारावी झाली नसेल तर ती करा, झाली असेल तर मुक्त विद्यापीठाची पदवी सुरू करा. दमून आल्यावर पुस्तक उघडणं जड जातं, हे मला माहीत आहे. तरीही करा.

पात्रता: दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. आपल्या भागासाठी उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. अर्ज फक्त लष्कराच्या भरती संकेतस्थळावर, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. २०२३पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि मग मैदान. हा बदल अजून बऱ्याच पोरांच्या डोक्यात शिरलेला नाही. ती वर्षभर पळतात आणि मैदान दिसायच्या आधीच संगणकासमोर बाद होतात. सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित आणि बुद्धिमत्ता, सगळं दहावीच्या आसपासचं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, त्यामुळे ठोकून देऊ नका. सकाळी दीड तास मैदान असेल तर संध्याकाळी दोन तास पुस्तक, असं माझ्या पोरांचं वेळापत्रक असतं.

महाराष्ट्रातली भरती कार्यालयं पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. आपला जिल्हा कुणाकडे येतो ते आधी बघा. वडील माजी सैनिक असतील किंवा मुलगा वरच्या पातळीचा खेळाडू असेल, तर रेजिमेंटल केंद्रांवर होणाऱ्या युनिट हेडक्वार्टर कोट्याच्या भरतीचीही चौकशी करा.

मग कुणी काय धरावं?

घरची परिस्थिती बेताची, दहावी-बारावीला पन्नास-पंचावन्न टक्के, अभ्यासात मन नाही पण अंगात रग आणि शिस्त आहे: अग्निवीर. एकोणिसाव्या वर्षाची वाट बघू नका, पात्र होताच पहिला अर्ज भरा. एकवीसच्या आत तीन-चार प्रयत्न मिळायला हवेत.

बारावी विज्ञान, गणित बरं: एनडीएचे निदान तीन प्रयत्न द्या. सोबत अग्निवीरचा अर्जही भरा. दोन्हीत कमीपणा नाही.

पदवीला गेलाय आणि एनसीसीत आहे: याला मी अग्निवीरसाठी कॉलेज सोडू देत नाही. घरचे घाई करतात, शेजारच्याचं पोरगं लागलं म्हणून. पण हा 'सी' प्रमाणपत्र घेऊन एसएसबीला बसला तर आयुष्य वेगळं होतं, आणि नाही जमलं तरी पदवी हातात राहते. फक्त त्याला समोर बसवून विचारा: दिवसाला तीन तास अभ्यास करतोस का? उत्तर नाही असेल तर तो सीडीएसची तयारी करत नाही, नुसता वेळ काढतोय, आणि एकवीस जवळ येतंय.

चोवीस-पंचवीस उलटून गेले, नोकरीधंद्याला लागलात, तरी वर्दी सुटत नसेल तर प्रादेशिक सेना आहे. वयाची मर्यादा ४२पर्यंत. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक पल्टनी आहेत. ही पूर्णवेळ नोकरी नाही, हे समजून जा.

अधिकारी होण्याची आणखी एक वाट आतून जाते. नियमित सेवेतल्या जवानाला दोन वर्षांच्या सेवेनंतर, २० ते २७ वयात, आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येतं. ती कठीण आहे, पण त्या वाटेनं आलेले साहेब मी पाहिलेत. जवानाचं दुखणं त्यांना सांगावं लागत नाही.

मैदान: साडेपाच मिनिटं आणि त्यानंतरचं

१६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर पूर्ण ६० गुण. ४०० मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरी साधारण ८२ सेकंदांची. पोरं पहिली फेरी ७०मध्ये मारतात आणि तिसरीत मोडतात. बीमवर १० पुलअप्सना ४० गुण, ६च्या खाली काही नाही. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बीम यांत फक्त पास व्हायचं असतं.

मी चार महिने धरतो. पहिला महिना रोज सावकाश ५ किलोमीटर, मातीवर. डांबरावर पळून नडगी दुखायला लागली की दीड महिना बसून काढावा लागतो. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यात दोन दिवस ४००च्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ८० सेकंदांत, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं. एक दिवस सात-आठ किलोमीटर. बीम दिवसाआड. शेवटच्या महिन्यात दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण १६००. वेदना दाबायच्या गोळ्या किंवा ताकदीची इंजेक्शनं घेऊन मैदानात उतरू नका. शरीर तर जातंच, पण तपासणीत सापडलात तर भरतीही जाते.

पोलिस भरतीचीही तयारी सोबत करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. तिथंही १६०० मीटर आहे, पण १०० मीटर आणि गोळाफेकही आहे, बीम नाही. अकॅडमीत दोन्ही बॅच एकत्र पळवतात आणि बीम राहून जातो. मग लष्कराच्या मैदानावर धावण्यात साठ आणि बीमवर शून्य.

पायदळाचं खरं काम भरतीनंतर सुरू होतं, आणि ते १६०० मीटरचं नसतं. बीपीईटी नावाच्या चाचणीत पाठीवर पूर्ण सामान आणि हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर पळायचं असतं, मग दोर चढायचा, खड्डा उडी मारायची. म्हणून निवड झाल्यावर केंद्रावर जाईपर्यंतचे आठवडे झोपून काढू नका. पिशवीत सात-आठ किलो वजन घालून डोंगर चढा. सुरुवातीला कमी, मग हळूहळू वाढवा. ज्यांनी हे केलेलं असतं त्यांना रगडा लागला तरी ती रात्री जेवतात. बाकीची थाळी तशीच ठेवून झोपतात.

अंगावरच्या गोष्टी

मेडिकलमध्ये पोरं बाद होतात तेव्हा सगळ्यात वाईट वाटतं, कारण निम्म्या गोष्टी वर्षभर आधी कळण्यासारख्या असतात. ओला पाय फरशीवर टेकवा. पूर्ण तळव्याचा ठसा उमटला तर सपाट पायाची शंका घ्या. टाचा जुळवून उभे राहा, गुडघे एकमेकांना घासतात का बघा. रंगांधत्व तपासून घ्या. कानातला मळ डॉक्टरकडून काढा, काडी घालू नका. हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठणं) किंवा व्हेरिकोसील (तिथल्या शिरा फुगणं) असेल तर शस्त्रक्रियेला वेळ लागतो, ती भरतीच्या वर्षात काढू नका.

आणि टॅटू. दंडावर महाराज, छातीवर आईचं नाव. भावना मला कळते, पण लष्करात टॅटू चालतो तो कोपर ते मनगट हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी समाजांच्या परंपरेतल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. दंडावरच्या टॅटूपायी नापास झालेली पोरं मी डोळ्यांनी पाहिलीत. महाराज मनात ठेवा. बेळगावच्या केंद्रावर 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी गर्जना करायला मिळेल तेव्हा करा.

रेजिमेंट निवडता येते का?

आपल्या पोरांना मराठा लाइट इन्फंट्रीच हवी असते. १७६८पासूनची परंपरा आहे, साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या त्या पल्टनीत गेल्यात. पण जनरल ड्युटी म्हणजे पायदळच, असं नाही. तोफखाना, रणगाडा दल अशी वेगवेगळी ठिकाणं मिळू शकतात, आणि वाटप लष्कराच्या गरजेनुसार होतं. पायदळातही सागरचं महार केंद्र आहे, नागपूरजवळ कामठीला गार्ड्सचं केंद्र आहे, आणि यंत्रचलित पायदळ हवं असेल तर ते अहिल्यानगरला. अधिकाऱ्याला प्रबोधिनीत पसंती लिहिता येते, वाटप गुणवत्ता आणि जागांवर होतं, आणि वडील त्या रेजिमेंटचे असतील तर तोही विचार होतो. 'अमुक रेजिमेंट मिळवून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर उठून या. निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा तर सरळ पोलिसांत द्या. आमच्या ओळखीतल्या एका बापानं दोन एकर गहाण टाकून असे पैसे दिले. पोरगं स्वतःच्या बळावर निवडलं गेलं आणि पैसे मात्र एजंटनं ठेवले.

निघायच्या आधी

मूळ मार्कशीट, अधिवास, जातीचा दाखला, सरपंच किंवा पोलिस पाटलाचा चारित्र्य दाखला, शाळेचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला: सगळे मूळ आणि प्रत्येकाच्या तीन प्रती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. चारित्र्य आणि अविवाहित दाखल्यांना मुदत असते, ते ताजे काढा. नाव आणि जन्मतारीख आधार, मार्कशीट आणि बँकेत अक्षरशः एकच हवी. आईच्या नावातल्या वेलांटीनं अडकलेली पोरं मी पाहिलीत, आणि दुरुस्तीला महिने लागतात.

केंद्रावर पोचलात की केस कापतात, फोन बराच काळ हातात राहत नाही. घरचा पूर्ण पत्ता पिनकोडसह आणि दोन फोन नंबर एका छोट्या वहीत पेननं लिहून न्या, आणि त्यातला एक शेजाऱ्यांचा असू द्या.